सुबरावांच्या ट्रॅक्टरचा धूर

पहिला धूर निघाला तेव्हा सुबराव त्याच्या बरोबर मधोमध उभे होते, त्यामुळे तो केवढा आहे हे गावात सगळ्यांत शेवटी त्यांना कळलं.

पौषातली सकाळ होती. निपाणीच्या त्या टापूत पौषात गारठा पडला म्हणजे माणसं चुलीपासून उठत नाहीत आणि बोलली तरी अर्धं बोलणं घोंगड्यातच राहतं. अशा वेळी सुबरावांच्या परसातून आधी कुणीतरी लोखंडी पिंप बडवावं तसा आवाज झाला आणि मग पांढराफेक, दाट, डोळ्यांत भसकन शिरणारा धूर कौलांवरून, गोठ्यावरून, शेजारच्या तुळशीवरून पसरत गेला. गाव काय ते समजलं. सुबरावआप्पांच्या घराला आग लागली! घागरी, कळश्या, हंडे, हाताला येईल ते घेऊन माणसं धावली आणि धुरात जे काही हलताना दिसलं त्याच्यावर त्यांनी पाणी ओतलं. हलत होते ते फक्त सुबराव.

"मी आहे! मी आहे!" असं ते ओरडत होते. पण 'मी आहे' ऐकून लोकांना वाटलं, माणूस आत अडकलाय, आणि त्यांनी आणखी पाणी ओतलं.

धूर विरला तेव्हा परसाच्या मध्यावर एक ट्रॅक्टर धडधडत उभा होता आणि त्याच्या शेजारी कोट, धोतर आणि जरीकाठी रुमालासकट निथळत बेळगावच्या कचेरीतले निवृत्त अव्वल कारकून सुबराव. गाव आ वासून बघत राहिलं. सुबरावही गावाकडं आ वासून बघत राहिले. कोणाला जास्त धक्का बसला होता हे सांगणं कठीण.

पेन्शनीत निघाल्यावर सुबराव शहापूरची भाड्याची जागा सोडून गावी आले ते वडिलार्जित रान करायला. पण त्यांच्या नोकरीच्या काळात त्या रानात हरळी अशी माजली होती की बैलाचा नांगर वरच्यावर घसरून परत यायचा. गावानं सांगितलं, "आप्पा, ह्ये कचेरीचं काम न्हवं. रान कुळाला द्या आणि कट्ट्यावर बसून पेपर वाचा." हे ऐकून सुबरावांना जो राग आला तो त्यांनी तोंडावर दाखवला नाही. ते थेट बेळगावला गेले आणि सांबऱ्याला विमानांच्या धावपट्टीचं काम केलेल्या एका गुत्तेदाराकडून त्याचा जुना डिझेल ट्रॅक्टर घेऊन आले. लढाई संपली होती, गुत्तेदाराला काम उरलं नव्हतं, आणि सुबरावांना 'अधिक धान्य पिकवा' हे सरकारचं म्हणणं मनापासून पटलेलं होतं. सरकारचं काहीही त्यांना मनापासूनच पटत असे.

घेताना त्यांनी यंत्र बघितलं नव्हतं असं नाही. पण ते पोचले तेव्हा दुपार होती, आणि गुत्तेदारानं ते सकाळपासूनच चालू करून ठेवलं होतं. धुराचा एक धागासुद्धा निघत नव्हता. "बघा साहेब, उदबत्तीपेक्षा कमी धूर," गुत्तेदार म्हणाला. सुबरावांना त्यातला 'साहेब' एवढाच शब्द नीट ऐकू आला.

खरी गोष्ट अशी होती की इंजिन तापलेलं असलं की ट्रॅक्टर गरिबासारखा वागे. रात्रभर गारठ्यात उभा राहिला की मात्र सकाळी त्याच्या पोटातलं तेल नीट पेट घेत नसे आणि अर्धवट जळून पांढरा धूर होऊन धुराड्यातून बाहेर पडे. अंग गरम होईपर्यंत हे चाले. मग धूर निळसर होई, पातळ होई, आणि थोड्या वेळानं नाहीसाच होई. पण तोवर गावाचं व्हायचं ते होऊन गेलेलं असे.

हे गावानं मनावर घेतलं. सुबरावांचा रुमाल वाळायच्या आत सल्ले सुरू झाले. पहिला सल्ला मष्णूचा. मष्णू गावचा न्हावी. जगातल्या कुठल्याही विषयावर त्याला मत नाही असं कधी झालं नव्हतं.

"आप्पा, त्येला सर्दी झालीया," ट्रॅक्टरच्या नाकाडावर हात फिरवत तो म्हणाला. "माणसाचं आणि यंतराचं छातीचं दुखणं एकच. रात्री घोंगडं घाला."

घोंगडं घातलं. सकाळी धूर घोंगड्याखालून निघाला, एवढाच फरक पडला. शिवाय घोंगडं पुन्हा कुणी अंगावर घेईना.

शेजारची राजाबाई म्हणाली की नजर लागली आहे, आणि मीठमोहऱ्या उतरून टाकल्या. मष्णूनं खाली शेणी पेटवून पोट शेकायची युक्ती काढली. तेव्हा शेणीचा धूर आणि ट्रॅक्टरचा धूर असे दोन धूर झाले आणि राजाबाईची म्हैस दावं तोडून पार सडकेपर्यंत गेली. शेवटी एकच उपाय थोडाफार लागू पडला: ट्रॅक्टरच्या पुढच्या टाकीत कडकडीत पाणी ओतायचं. त्यामुळं रोज सकाळी बंबातलं सगळं पाणी आधी ट्रॅक्टरला जाऊ लागलं.

"ह्या घरात लग्न होऊन आल्यापासून माझ्याआधी कुणी आंघोळ केली नव्हती," सुबरावांच्या पत्नी चंपाबाई म्हणाल्या. "आता ह्या लोखंडाच्या मागनं मी."

चंपाबाई मोजकंच बोलत, पण ते दिवसभर पुरे.

ट्रॅक्टर चालवायला सुबरावांनी ज्योतिबाला ठेवलं होतं. ज्योतिबा पलटणीत होता, आणि त्याच्या सांगण्यावरून इजिप्तच्या वाळवंटात त्यानं रणगाडे हाकले होते. खरं तर तो तिकडं भटारखान्यात होता. पण हे पुढं कळलं. धुराबद्दल विचारलं की तो म्हणे, "इजिप्तात असं कधी झालं न्हाई, आप्पा." ते मात्र खरं असावं, तिथं थंडी नसेल.

तेलाची कथा वेगळीच. त्या काळी तेल परमिटावर मिळे, आणि परमिट द्यायला जो कारकून बसला होता तो एकेकाळी सुबरावांच्या हाताखाली उमेदवारी केलेला. सुबरावांना वाटलं, काम चुटकीसरशी होईल. कारकुनानं उठून खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाला, "रावसाहेब, तेल पाण्याच्या इंजिनाला मिळतं. मोटारीला मिळतं. पण ट्रॅक्टर हा शब्द आमच्या हुकमात नाही. हे वाहन आहे की अवजार?"

"दोन्ही," सुबराव म्हणाले.

"दोन्ही म्हणजे दोन अर्ज. दोन अर्ज म्हणजे एकाच कामासाठी दुबार मागणी. दुबार मागणी नामंजूर." आणि मग अत्यंत आदरानं तो म्हणाला, "हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

तेल अखेर मिळालं, पण ते 'फिरतं पाण्याचं इंजिन' या नावानं. आणि आयुष्यात पहिल्यांदा खोट्या कागदावर सही करून सुबराव घरी आले ते चूळ भरूनच आत शिरले.

एवढं सगळं होऊन ट्रॅक्टर रानात चालू लागला, आणि चालू लागल्यावर मात्र त्यानं गावाची तोंडं बंद केली. हरळीची मुळं दोरखंडासारखी उपसून वर येऊ लागली. लोक बांधावर उकिडवे बसून दुपारभर नांगरट बघत. पण फक्त दुपारीच. कारण सुबरावांच्या रानाला लागून, उताराच्या बाजूला, भावकूचं रान होतं आणि भावकूच्या रानात तंबाखू होता.

भावकू सुबरावांच्या वर्गात होता. पाटीवर एकाच पेन्सिलीनं दोघं लिहायचे. नंतर एक कचेरीत गेला, एक रानात राहिला, आणि एक 'आप्पा' झाला. माघ लागला तसा भावकूनं तंबाखू कापला आणि झाडं तशीच रानात वाळत घातली. दिवसा ऊन, रात्री दंव, असं आळीपाळीनं खात पान पिकतं, त्याला वास चढतो. वासावरच सगळं. निपाणीच्या वखारीतला पारखी येतो, पान चुरतो, हुंगतो, आणि त्याच्या नाकावर शेतकऱ्याचं वर्ष ठरतं.

भावकू एका संध्याकाळी येऊन ओसरीवर बसला. "आप्पा, एक मागणं हाय. माझा तंबाकू रानात हाय तंवर सकाळच्या पारी ते यंतर सुरू करू नगासा. ऊन चढल्यावर काय ते करा."

"शब्द दिला," सुबराव म्हणाले. त्यांनी शब्द दिला म्हणजे कचेरीत शिक्का मारल्यासारखं समजलं जाई.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी शेतकी खात्याचे एक मोठे साहेब फिरतीवर येत असल्याचा निरोप आला. ट्रॅक्टरची नांगरट त्यांना डोळ्यांनी बघायची होती. येणार होते सकाळी, उन्हं नुकतीच जमिनीला लागतात त्या वेळी. तिथून पुढं त्यांना बेळगाव गाठायचं होतं. त्याच सकाळी वखारीचा पारखी भावकूचा माल बघायला येणार होता, हे चंपाबाईंनी विहिरीवर ऐकलं आणि घरी येऊन सांगितलं.

"साहेबांना कळवा, दुपारी या म्हणून," त्या म्हणाल्या.

सुबरावांना हे ऐकूनच घाम फुटला. सबंध नोकरी त्यांनी साहेबांच्या वेळेप्रमाणे उठून, बसून, जेवून काढली होती. आपली वेळ साहेबाला कळवायची असते ही कल्पनाच त्यांच्या डोक्यात शिरेना. मग त्यांनी मष्णूला बोलावलं. मष्णूनं बोट ओलं करून वर धरलं, डोळे मिटले आणि निकाल दिला: "वारं नदीकडं हाय. भावकूच्या रानाकडं काय बी जात न्हाई. आणि घटकाभराचा तर धूर!"

सुबरावांना हेच ऐकायचं होतं, म्हणून त्यांनी ते ऐकलं.

त्या सकाळी एवढा गारठा होता की रात्रभर रानातच उभ्या ठेवलेल्या ट्रॅक्टरची सीट दंवानं ओली झाली होती. बंबाचं पाणी ओतून झालं. साहेबांची मोटार सडकेवर थांबली; साहेब उतरले, मागून चामड्याचा रुंद पट्टा घातलेला पट्टेवाला उतरला. ज्योतिबानं पट्टा बघितला आणि त्याच्या तोंडाचा रंग गेला. त्याची पलटणीतली रजा केव्हाच संपली होती आणि तो परत गेलाच नव्हता; त्याला वाटलं, धरायला आले. हातातलं हँडल त्यानं सुबरावांच्या हातात दिलं, "आलोच," म्हणाला, आणि ज्वारीत शिरला. पुढं कळलं, तो संकेश्वरला सासरवाडीत जाऊन राहिला होता.

साहेब समोर, गाव मागं, आणि हँडल सुबरावांच्या हातात. त्यांनी कोटाची बटणं लावली. हँडल घातलं आणि फिरवलं. काही नाही. मष्णूनं हात लावला. दोघांनी मिळून फिरवलं. इंजिन एकदा खोकलं, आणि हँडल असं उलटं फिरलं की मष्णू एकीकडं बसला आणि सुबरावांचा रुमाल साहेबांच्या बुटापाशी जाऊन पडला. उघड्या डोक्यानं साहेबांपुढं उभं राहण्याची त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. पट्टेवाल्यानं रुमाल उचलून त्यांच्या हातात दिला. ते अधिक वाईट झालं.

त्वेषानं त्यांनी तिसऱ्यांदा हँडल मारलं, आणि इंजिन लागलं.

धूर निघाला तो आजवरच्या सगळ्या धुरांना लाजवणारा. आधी साहेब दिसेनासे झाले, मग पट्टेवाला, मग मोटार. साहेब धारवाडकडचे, घाबरले की कानडीत बोलत. धुराच्या पोटातून "एनरी इदु! हे काय हो! एनरी!" असा आवाज तेवढा येत राहिला आणि मग नुसता खोकला. कुणीतरी कुणाचा तरी हात धरून सडकेकडं ओढत होतं. मोटारीचं दार धाडकन लागलं. मोटार निघून गेली.

पण सुबराव त्या बाजूला बघतच नव्हते. वारं नदीकडं नव्हतं. वारंच नव्हतं. गार, जड हवेत धूर वर चढेना. तो जमिनीला धरून, उतारानं, अगदी संथपणे खाली निघाला होता. त्याची पांढरी कड भावकूच्या वाळत घातलेल्या तंबाखूवर चढताना सुबरावांना दिसली. ते इंजिन बंद करायला धावले. पण ते कसं बंद करायचं हे फक्त ज्योतिबाला ठाऊक होतं.

खाली पारखी आलेला होता. धूर सरकेपर्यंत तो डोळे पुसत उभा राहिला. मग त्यानं एक पान उचललं, चुरलं, नाकाशी नेलं. भावकू त्याच्या तोंडाकडं बघत होता. सुबराव वरून भावकूच्या तोंडाकडं बघत होते.

"ह्याला रॉकेलच्या चिमणीचा वास मारतोय," पारखी म्हणाला, आणि पान टाकून, हात झटकून चालू लागला.

भावकू ओरडला नाही. शिवी दिली नाही. नुसता वर बघत राहिला. त्याची आई बाळाबाई मात्र रानाच्या मधोमध उभी राहून दोघांच्या वाटणीचं बोलली. तिनं सुबरावांच्या कचेरीचा, पेन्शनीचा, रुमालाचा आणि ट्रॅक्टर करणाऱ्या गोऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि शेवटी म्हणाली, "शब्द दिलता न्हवं रं सुबऱ्या?"

'सुबऱ्या' अशी हाक त्यांना पाटी-पेन्सिलीनंतर कुणी मारली नव्हती. त्यांनी खाली मान घातली.

त्या दिवशी सुबराव जेवले नाहीत. दुपारी चंपाबाईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "उठा."

"कुठं?"

"भावकूभावजींच्या रानात. वास लागलाय तर घालवायला नको? वारा दाखवायचा, उलथायचा, पुन्हा वारा. ओसरीवर बसून तो जाणाराय का?"

सुबराव गेले. कोट घालूनच गेले, कारण कोटाशिवाय बाहेर कसं जायचं हे त्यांना माहीत नव्हतं. भावकू एका टोकाला तंबाखू उलथत होता. यांना बघून तो नको म्हणाला नाही, ये म्हणाला नाही. सुबराव दुसऱ्या टोकाला वाकले. चिकट पानांनी हात काळे झाले, डोकं गरगरलं, पाठ तर त्यांची उरलीच नाही. रोज सकाळी दंव ओसरलं की जायचं, संध्याकाळी परतायचं. दोन टोकांकडून दोघं वाकत वाकत मध्यावर येत, समोरासमोर उभे राहत, आणि एक शब्द न बोलता पाठ फिरवून परत जात. बाळाबाई बांधावर बसून राखण करावी तशी सुबरावांकडं बघत बसे. एके दिवशी तिनं न बोलता पाण्याचा तांब्या त्यांच्या पुढ्यात आदळला. सुबरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. तंबाखूनं येतं तसं नव्हे.

पारखी परत यायला तयार नव्हता. सुबराव स्वतः निपाणीला वखारीत गेले, दारात उभे राहिले आणि म्हणाले, "दोष मालाचा नाही. माझा आहे." अव्वल कारकुनाच्या तोंडून असं वाक्य निघतं हे पारख्यानं आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं असावं. तो आला.

रानात उभा राहून त्यानं पान उचललं. चुरलं. हुंगलं. पुन्हा हुंगलं. कपाळाला आठी घातली. भावकूनं डोळे मिटले.

"वास तर येतोय," पारखी म्हणाला.

पारखी नाक वर करून इकडंतिकडं वळला, दोन पावलं सरकला, आणि सुबरावांच्या खांद्याजवळ थांबून त्यानं कोट हुंगला.

"ह्यांच्या अंगाला येतोय! जरा लांब उभं ऱ्हावा की वो तुम्ही!"

सुबराव लांब जाऊन उभे राहिले. पारख्यानं पुन्हा लांब श्वास घेतला. त्याचा चेहरा सैल पडला. "चोख हाय," तो म्हणाला. "गाड्या पाठवतो."

गाड्या भरून गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, दंव अजून ओलं असताना, भावकू सुबरावांच्या परसात येऊन उभा राहिला. इतक्या दिवसांत तो बोलला नव्हता. आता बोलणार, आणि काय बोलणार याची सुबरावांनी मनाची तयारी केली.

"यंतर सुरू करा, आप्पा."

"आत्ता?" सुबरावांचा कानांवर विश्वास बसेना. "भावकू, गारठा आहे. धूर होईल."

"हूं दे. माझं रान मोकळं झालंय. खुटं उपसून काढायची हायती. आणि ज्यानं माझी झोप उडवली ते बेणं एकदा जवळनं बघू द्या."

ज्योतिबा काही परत आला नव्हता. सुबरावांनी धडपडत, दोनदा गोठ्याची भिंत गाठत, हाकायचं आणि थांबवायचं स्वतःच शिकून घेतलं होतं. गावात धूर नको म्हणून ट्रॅक्टर रानात नेला तो बैल जुंपून ओढत. मष्णूनं हँडल मारलं. गावानं दारं लावून घेतली. धूर निघाला आणि त्यात रान, आभाळ, मष्णू, सगळं बुडालं. चाकावरच्या पत्र्यावर बसलेला भावकू, "चला! चला वो!" असं ओरडत होता, आणि सुबराव, पुढचं काही दिसत नसताना, निव्वळ त्याच्या आवाजाच्या भरवशावर चालले होते. मध्येच चाकं वर चढल्यासारखी झाली, दाणकन खाली आली, मागं नांगर करकरला आणि बराच वेळ तसाच करकरत राहिला.

इंजिन तापलं. धूर निळा झाला, विरला. सुबरावांनी मागं वळून बघितलं आणि त्यांनी ट्रॅक्टर जागच्या जागी थांबवला.

दोन रानांच्या मधला बांध नव्हता. एका टोकापासून पार अर्ध्यापर्यंत उलथून मातीत मिसळला होता. ज्या गावात हातभर बांधासाठी भाऊ भावावर बेळगावच्या कोर्टापर्यंत जात, आणि असल्या तंट्यांचे कागद ज्यांनी सबंध नोकरीभर हाताळले, त्या सुबरावांनी सीटवर अर्धं उठून उरलेला बांध नजरेनं मोजला. मष्णू कपाळाला हात लावून खाली बसला. मघाशी दारं लावून घेतलेली माणसं एकेक करून येऊन लांबवर उभी राहिली. पुढं यायला कुणी धजेना.

"भावकू," सुबराव कसेबसे म्हणाले, "बांध गेला."

भावकूचं तोंड काजळीनं काळं झालं होतं. डोळे तेवढे दिसत होते. त्यानं मागं बघितलं.

"कुठला बांध वो?" तो म्हणाला. "मला तर ह्या धुरात काय बी दिसंना."

धूर केव्हाच गेला होता. ऊन पडलं होतं, आणि पार नदीच्या काठापर्यंत सगळं लख्ख दिसत होतं. सुबरावांनी एकदा नदीकडं बघितलं, एकदा भावकूकडं. रुमाल काढून मांडीवर ठेवला.

"मलाबी न्हाय दिसत, रं," ते म्हणाले, आणि त्यांनी ट्रॅक्टर पुढं घेतला.